जँगोमध्ये '४०४' आली की आधी कुठे बघायचं: राउटिंगच्या चुका शोधण्याची पद्धत

जँगो (पायथनमध्ये वेबसाइट बनवण्याचं फ्रेमवर्क) बसवल्यावर ब्राउझरमध्ये रॉकेटचं पान दिसतं. मग आपण 'बुक्स/' असा पहिला राउट (कोणत्या पत्त्यावर काय उघडायचं हे सांगणारी ओळ) लिहितो, पुन्हा तोच मूळ पत्ता उघडतो, आणि रॉकेटच्या जागी 'पेज नॉट फाउंड' येतं. इथे बरेच जण घाबरून चालता कोड मोडायला घेतात. बिघडलेलं मात्र काहीच नसतं. रॉकेटचं पान जँगो स्वतःहून दाखवतो, तेही यूआरएलच्या यादीत ॲडमिनखेरीज दुसरं काही नसेल तोवरच. तुम्ही एक राउट टाकलात की तो पाहुणचार संपला, मूळ पत्त्यासाठी आता तुम्हालाच राउट द्यावा लागतो, म्हणजे रिकाम्या अवतरणचिन्हांचा: पाथ('',...).

राउटिंगची चूक शोधताना फाइल उघडण्याआधी एक प्रश्न सोडवायचा असतो: विनंती कुठपर्यंत पोचली? सर्व्हरपर्यंतच आली नाही, सर्व्हरपर्यंत आली पण एकही पॅटर्न (राउटमध्ये लिहिलेला पत्त्याचा नमुना) जुळला नाही, पॅटर्न जुळला पण व्ह्यूने (विनंतीला उत्तर देणाऱ्या फंक्शनने किंवा क्लासने) हात वर केले, की पान तयार होत असताना त्यातली लिंक बनवता आली नाही? चारही वेळा आपण 'राउट चालत नाही' असंच म्हणतो, पण दुरुस्ती चार वेगळ्या ठिकाणी असते. या लेखाचा क्रम त्याच चार जागांचा आहे.

उदाहरणासाठी 'लायब्ररी' नावाचा प्रोजेक्ट आणि त्यात 'बुक्स' नावाचं ॲप धरू. कोडमधले शब्द इथे उच्चाराप्रमाणे, आणि आकडेही, देवनागरीत दिले आहेत. तुमच्या फाइलमध्ये ते रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत असतील. पत्त्यातच देवनागरी अक्षरं असतील तर काय होतं, तो भाग पुढे वेगळा येतो आणि तो मराठी साइट करणाऱ्यांनी वगळू नये.

आधी टर्मिनल, मग ब्राउझर

मॅनेज डॉट पीवायचा रनसर्व्हर ज्या टर्मिनलमध्ये चालू आहे ते शेजारी उघडं ठेवा. प्रत्येक विनंतीची तिथे एक ओळ उमटते: गेट किंवा पोस्ट, मग पत्ता, मग तीन आकडी कोड. ब्राउझरमध्ये पान ताजं करा आणि नवी ओळ येते का बघा.

ओळच आली नाही, तर विनंती जँगोपर्यंत पोचलेली नाही आणि यूआरएल्स डॉट पीवाय या राउटच्या फाइलमधले पॅटर्न जुळवत बसण्यात अर्थ नाही. सर्व्हर बंद असेल, पोर्ट ८००० ऐवजी दुसरा असेल, किंवा यूआरएलच्या फाइलमध्येच व्याकरणाची चूक झाल्याने सर्व्हर लांबलचक ट्रेसबॅक (चूक कुठे झाली त्याचा माग) छापून थांबला असेल. दोन पाथच्या मध्ये स्वल्पविराम राहणं हे यातलं नेहमीचं कारण. पायथनच्या ३.१० पासूनच्या आवृत्त्या 'स्वल्पविराम विसरलात का?' असं विचारतातही, पण ते वाचण्यासाठी टर्मिनलकडे बघावं लागतं. चूक सुधारून फाइल सेव्ह केली की सर्व्हर सहसा स्वतःच पुन्हा उठतो. नाही उठला तर कंट्रोल-सी दाबून परत सुरू करा.

ओळीऐवजी 'तुम्ही डेव्हलपमेंट सर्व्हर एचटीटीपीएसवरून उघडताय' अशा अर्थाची तक्रार आली, तर ब्राउझरने पत्त्याच्या सुरुवातीला 'एस' लावला आहे. हा सर्व्हर फक्त साध्या एचटीटीपीवर बोलतो. पत्ता पूर्ण टाइप करा.

ओळ आली आणि कोड ४०४ असेल तर पुढचा भाग वाचा. ५०० असेल तर पॅटर्न बहुधा जुळला आहे आणि चूक व्ह्यूत, टेम्प्लेटमध्ये (पानाच्या एचटीएमएल साच्यात) किंवा लिंक बनवण्यात आहे. ४०५ म्हणजे पत्ता बरोबर, पद्धत चुकीची. जँगो ५.० पासून साध्या लिंकवरून लॉगआउट केल्यावर नेमकं हेच होतं, कारण तयार लॉगआउट व्ह्यू आता गेट स्वीकारत नाही. तिथे पोस्ट करणारा छोटा फॉर्म लागतो, राउट बदलून उपयोग नाही.

पिवळसर पानावर काय लिहिलेलं असतं

सेटिंग्जमध्ये डीबग चालू असताना येणारं ४०४चं पान हे जँगोने तुमच्या हातात दिलेलं सगळ्यात चांगलं साधन आहे, आणि बहुतेक जण त्याचा मथळा वाचून टॅब बंद करतात. ते नीट वाचायचं असतं.

त्यात आधी कोणत्या यूआरएलकॉन्फ फाइलपासून शोध सुरू झाला त्याचं नाव असतं. मग कोणकोणते पॅटर्न तपासले त्यांची क्रमवार यादी. आणि शेवटी एक वाक्य, जे दोन प्रकारचं असू शकतं. 'करंट पाथ यांपैकी कशाशीही जुळला नाही' असं असेल, तर दोष राउटमध्ये आहे. 'करंट पाथ शेवटच्याशी जुळला' असं असेल, तर राउट उत्तम चालतोय आणि ४०४ तुमच्या व्ह्यूने दिली आहे. अशा वेळी पानावर 'रेज्ड बाय' अशी ओळही दिसते, त्यापुढे व्ह्यूचं नाव असतं, आणि 'नो बुक मॅचेस द गिव्हन क्वेरी' यासारखा निरोप असतो. म्हणजे गेट_ऑब्जेक्ट_ऑर_४०४ने डेटाबेसमध्ये पुस्तक शोधलं आणि ते सापडलं नाही. पाच नंबरचं पुस्तक तुम्ही कालच ॲडमिनमधून पुसलं असेल. एवढं एक वाक्य वाचलं तर तास वाचतो.

आता 'जुळला नाही'ची बाजू. यादीत तुमच्या ॲपचे पॅटर्न दिसतात का? दिसत नसतील, तर ॲपची फाइल प्रोजेक्टच्या फाइलला जोडलेलीच नाही. जँगोमध्ये यूआरएल्स डॉट पीवाय नावाच्या किमान दोन फाइली हाताळाव्या लागतात: एक प्रोजेक्टची, जी सेटिंग्ज डॉट पीवायच्या शेजारी असते, आणि दुसरी ॲपची, जी स्टार्टॲप आपल्याला बनवून देत नाही, स्वतः बनवावी लागते. प्रोजेक्टच्या फाइलमध्ये अशी ओळ हवी:

पाथ('बुक्स/', इन्क्लूड('बुक्स.यूआरएल्स')),

आणि ॲपच्या फाइलमध्ये (पीके म्हणजे डेटाबेसमधला पुस्तकाचा क्रमांक):

यूआरएलपॅटर्न्स = [
पाथ('', व्ह्यूज.बुक_लिस्ट, नेम='लिस्ट'),
पाथ('<इंट:पीके>/', व्ह्यूज.बुक_डिटेल, नेम='डिटेल'),
]

जोडणी केली तरी यादी जुनीच दिसत असेल, तर तुम्ही एका फोल्डरमधली फाइल बदलताय आणि सर्व्हर दुसऱ्याच फोल्डरमधून चालतोय अशी शक्यता तपासा. ट्यूटोरियलची प्रत काढून प्रयोग करणाऱ्यांचं हे हमखास होतं. पानावरचं यूआरएलकॉन्फचं नाव दोन्हीकडे सारखंच असतं, त्यामुळे त्यावरून कळत नाही; टर्मिनलचा चालू फोल्डर बघा.

पॅटर्न यादीत दिसतो, पण वेगळाच दिसतो, असंही होतं. 'बुक्स/ बुक्स/' असं दुहेरी दिसलं तर प्रोजेक्टच्या फाइलमध्ये 'बुक्स/' लिहून ॲपच्या फाइलमध्येही तोच तुकडा पुन्हा लिहिला आहे. इन्क्लूड जुळलेला भाग कापतो आणि उरलेलाच पुढे पाठवतो. तो दुसरा 'बुक्स/' काढून टाका.

पॅटर्नच्या सुरुवातीला तिरकी रेघ दिली असेल तर तीही काढा. मूळ पत्त्यानंतरची पहिली रेघ जँगोने आधीच धरलेली असते. ही चूक मॅनेज डॉट पीवायचा चेक हा आदेश थेट सांगतो. तो सेकंदात चालतो आणि रनसर्व्हर सुरू होतानाही आपोआप चालतो, फक्त त्याचे इशारे वर सरकून जातात.

शेवटची रेघ

पत्त्याच्या शेवटच्या तिरक्या रेघेने जेवढा वेळ खाल्ला आहे तेवढा दुसऱ्या कशानेही खाल्ला नसेल, म्हणून इथे थोडं थांबू.

पॅटर्न 'बुक्स/' असा आहे आणि कोणी रेघेशिवाय 'बुक्स' उघडलं, तर जँगोचा कॉमनमिडलवेअर (व्ह्यूच्या आधी प्रत्येक विनंती तपासणारा भाग) बघतो की हा पत्ता जुळत नाही, पण रेघ लावली तर जुळेल. मग तो ३०१ देऊन ब्राउझरला रेघ असलेल्या पत्त्याकडे पाठवतो. टर्मिनलमध्ये ३०१ आणि लगेच २०० अशा दोन ओळी दिसतात. हे अपेंड_स्लॅश या सेटिंगचं काम, आणि ते मुळात चालूच असतं.

ही सोय एकाच दिशेने चालते. जँगो रेघ लावतो, काढत नाही. पॅटर्न 'बुक्स' असा रेघेविना लिहिलात आणि पत्ता रेघेसह आला, तर सरळ ४०४. सगळ्या पॅटर्नच्या शेवटी रेघ, हा एकच नियम पाळला तर हा घोळ होतच नाही. इन्क्लूडच्या ओळीत तर ती हवीच. नाहीतर 'बुक्स' आणि '५/' चिकटून 'बुक्स५/' असा पत्ता तयार होतो.

फॉर्म पोस्ट करताना रेघ राहिली तर डीबगमध्ये रनटाइमएरर येते. ती कटकट वाटते, पण बरोबर आहे: पुनर्निर्देशनात फॉर्ममधला मजकूर हरवला असता. फॉर्मच्या ॲक्शनमध्ये पत्ता हाताने न लिहिता यूआरएल टॅग वापरा.

३०१ हे कायमचं पुनर्निर्देशन असतं आणि ब्राउझर ते लक्षात ठेवतो. राउट दुरुस्त करूनही जुनंच वागणं दिसलं तर खाजगी खिडकीत उघडून बघा.

जुनं ट्यूटोरियल, नवा जँगो

इंटरनेटवरचे बरेच धडे जँगो २.० च्या आधीचे आहेत. पाथ ही सोपी पद्धत त्या आवृत्तीत, डिसेंबर २०१७ मध्ये आली. त्याआधी यूआरएल नावाचं फंक्शन आणि रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुराचा नमुना चिन्हांनी लिहिण्याची पद्धत) असायचं. ते फंक्शन डिसेंबर २०२१ मध्ये आलेल्या ४.० मधून काढून टाकलं गेलं, त्यामुळे आज ते आयात करायला गेलात की थेट इंपोर्टएरर येते. ती निदान ठळक असते. फसवी चूक पुढची: लोक यूआरएलच्या जागी पाथ लिहितात, पण आतला पॅटर्न तसाच ठेवतात, ^ ने सुरू होणारा आणि $ ने संपणारा. पाथला ही चिन्हं म्हणजे साधी अक्षरं वाटतात, त्यामुळे काहीच जुळत नाही. चेक याबद्दलही इशारा देतो. खरोखरच रेग्युलर एक्स्प्रेशन हवं असेल तर री_पाथ आहे. सुरुवातीला त्याची गरज पडत नाही.

क्रम आणि कन्व्हर्टर

जँगो यादी वरून खाली वाचतो आणि पहिला जुळणारा पॅटर्न घेऊन थांबतो. कोनी कंसातला पहिला शब्द म्हणजे कन्व्हर्टर, पत्त्यातला तो तुकडा कोणत्या प्रकारचा असावा हे तो सांगतो; स्लग म्हणजे पत्त्यात वापरायचं छोटं नाव. वर '<स्लग:स्लग>/' आणि खाली 'न्यू/' असेल, तर नवीन पुस्तकाचा फॉर्म कधीच उघडणार नाही. 'न्यू' नावाचं पुस्तक शोधायला जाऊन व्ह्यू ४०४ देईल. पानावर 'शेवटच्याशी जुळला' असं दिसेल आणि रेज्ड बायसमोर नको त्या व्ह्यूचं नाव. ठरलेले शब्द वर, सगळं गिळणारे पॅटर्न खाली.

कोनी कंसातलं नाव आणि व्ह्यूच्या आर्ग्युमेंटचं नाव अक्षरशः एकच हवं. राउटमध्ये पीके आणि फंक्शनमध्ये बुक_आयडी असेल तर 'अनएक्स्पेक्टेड कीवर्ड आर्ग्युमेंट' ही टाइपएरर येते. तयार डिटेलव्ह्यू तर पीके किंवा स्लग यांवाचून दुसरं नाव ऐकत नाही, जोवर तुम्ही त्याला वेगळं सांगत नाही. कंसात मोकळी जागा सोडू नका. आणि व्ह्यू देताना फंक्शनला कंस लावू नका, क्लासला मात्र ॲज_व्ह्यू() असं कंसासह द्या. उलट केलंत की आर्ग्युमेंट कमी पडल्याची किंवा जास्त झाल्याची टाइपएरर येते, जिचा राउटशी संबंध पटकन लक्षात येत नाही.

प्रश्नचिन्हानंतरचा भाग, म्हणजे शोधाचे शब्द वगैरे, राउटिंग बघतच नाही. तो पॅटर्नमध्ये लिहू नका, व्ह्यूमध्ये रिक्वेस्ट.गेटमधून काढा.

देवनागरी पत्ते

आता मराठी साइटवाल्यांचा भाग. पॅटर्नमध्ये 'पुस्तके/' असं खुद्द देवनागरीत लिहिलं तर जँगो ते बिनतक्रार चालवतो. टर्मिनलमध्ये मात्र टक्क्याच्या चिन्हांची लांब रांग दिसेल, कारण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं आणि प्रत्येक बाइट पत्त्यात ३ अक्षरांचा होतो. 'पुस्तक' या शब्दात काना-मात्रा-हलन्तासह ६ चिन्हं, म्हणजे पत्त्यात ५४ अक्षरं. दिसायला भीतीदायक, पण चूक नव्हे. जुळवण्याआधी जँगो ते उलगडून घेतो.

अडचण स्लग कन्व्हर्टरमध्ये आहे. तो फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे, आडवी रेघ आणि अधोरेषा ओळखतो. देवनागरी स्लग त्याच्याशी कधीच जुळत नाही. इंट कन्व्हर्टरलाही 0 ते 9 हे इंग्रजी आकडेच कळतात. पत्त्यात देवनागरी '५' टाइप केलात तर ४०४.

त्याहून मोठी अडचण मथळ्यावरून स्लग बनवणाऱ्या स्लगीफाय फंक्शनची. 'किल्ले रायगड' त्याला दिलंत तर रिकामी स्ट्रिंग परत येते. कागदपत्रं वाचून तुम्ही अलाउ_युनिकोड चालू करता आणि हातात पडतं 'कलल-रयगड'. वेलांट्या, मात्रा, हलन्त सगळं गळून जातं, कारण पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधला 'शब्दाचं अक्षर' हा गट या जोडचिन्हांना अक्षर मानत नाही. स्लगफील्डची तपासणी त्याच गटावर उभी आहे, त्यामुळे पूर्ण देवनागरी स्लग तीही नाकारते.

स्ट्र कन्व्हर्टर वापरला तर जुळण्याचा प्रश्न सुटतो, कारण तिरकी रेघ सोडून त्याला काहीही चालतं. स्वतःचा कन्व्हर्टरही लिहिता येतो: रेजेक्स हे चल आणि टू_पायथन, टू_यूआरएल ही दोन फंक्शनं असलेला क्लास, आणि रजिस्टर_कन्व्हर्टरने त्याची नोंद. युनिकोडमधला ०९०० ते ०९७एफ हा देवनागरीचा पट्टा त्यात घालतात. पण मग 'दुसर्‍या' आणि 'दुसऱ्या' समोर येतात. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण एकात साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडक असतो, दुसऱ्यात ऱ हे वेगळं चिन्ह. तो अदृश्य जोडक त्या पट्ट्याच्या बाहेरचा आहे. म्हणजे एका कीबोर्डवर टाइप केलेला पत्ता चालतो आणि दुसऱ्यावरचा नाही, आणि डोळ्यांना फरक दिसत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: पुस्तक आयडीवरून शोधा, देवनागरी नाव केवळ शोभेला ठेवा. राउट '<इंट:पीके>/<स्ट्र:स्लग>/' असा ठेवून व्ह्यूमध्ये फक्त पीके वापरला की मथळा बदलला, ऱ बदलला, तरी पान उघडतं.

नोरिव्हर्समॅच: उलटी वाट

ही चूक पत्त्यावरून व्ह्यू शोधताना येत नाही, नावावरून पत्ता बनवताना येते. टेम्प्लेटमधला यूआरएल टॅग किंवा रीडायरेक्ट हे उगम. पान उघडत नाही म्हणून लोक त्या पानाचा राउट तपासत बसतात. दोष मात्र पानावरच्या एखाद्या लिंकमध्ये, बऱ्याचदा सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या मेन्यूच्या टेम्प्लेटमध्ये असतो. एररच्या पानावर ती ओळ रंगवून दाखवलेली असते.

निरोपाचे शब्द इथे निर्णायक ठरतात. 'नॉट अ रजिस्टर्ड नेमस्पेस' म्हणजे टेम्प्लेटमध्ये 'बुक्स:डिटेल' लिहिलं, पण ॲपच्या यूआरएलच्या फाइलमध्ये ॲप_नेम = 'बुक्स' ही ओळ नाही. 'नॉट अ व्हॅलिड व्ह्यू फंक्शन ऑर पॅटर्न नेम' म्हणजे नावात चूक, किंवा उलट बाजूने: ॲप_नेम आहे पण टेम्प्लेटमध्ये नुसतं 'डिटेल' लिहिलंय. निरोपात नावाच्या जागी रिकामी अवतरणचिन्हं दिसली तर टॅगमध्ये नावाभोवती अवतरणचिन्हं द्यायची राहिली आहेत. जँगोने ते व्हेरिएबल समजून शोधलं आणि त्याला काही मिळालं नाही.

सर्वांत जास्त छळणारा प्रकार म्हणजे 'विथ आर्ग्युमेंट्स' नंतर रिकामी स्ट्रिंग आणि '१ पॅटर्न ट्राइड'. नाव बरोबर आहे, पॅटर्न सापडला आहे, पण त्यात घालायला दिलेली किंमत रिकामी आहे. टेम्प्लेटमध्ये बुक.पीके लिहिलं पण व्ह्यूने ऑब्जेक्ट नावाने पाठवलं, किंवा लूपमधल्या व्हेरिएबलच्या नावात एक अक्षर चुकलं. जँगोची टेम्प्लेट अशा चुकीवर ओरडत नाही, रिकामं छापते. स्लगीफायने दिलेला रिकामा स्लग डेटाबेसमध्ये जाऊन बसला असेल तरी हाच निरोप येतो. मग शंभरातल्या एकाच पुस्तकामुळे अख्खी यादी कोसळते, म्हणून तपासताना डेटाबेसही बघा.

ब्राउझर बाजूला ठेवून

मॅनेज डॉट पीवायचा शेल उघडा आणि जँगो.यूआरएल्समधून रिझॉल्व्ह आणि रिव्हर्स आयात करा. रिझॉल्व्ह('/बुक्स/५/') दिलं की कोणता व्ह्यू, कोणतं नाव, कोणती किंमत निघाली ते समोर येतं. जुळलं नाही तर रिझॉल्व्हर४०४. रिव्हर्स('बुक्स:डिटेल', आर्ग्स=[५]) याच्या उलट जातं. कॅश, टेम्प्लेट, डेटाबेस यांपैकी काहीही मध्ये येत नाही, त्यामुळे दोष राउटचा आहे की नाही हे इथे एका ओळीत ठरतं. यूआरएलची फाइल बदललीत तर शेल बंद करून पुन्हा उघडा. तो स्वतःहून फाइल परत वाचत नाही.

'इन्क्लूडेड यूआरएलकॉन्फमध्ये पॅटर्नच दिसत नाहीत' अशी तक्रार आली, तर आधी यूआरएलपॅटर्न्सचं स्पेलिंग बघा, अगदी शेवटच्या 'एस'पर्यंत. ते बरोबर असेल तर व्ह्यूज आणि यूआरएल्स या फाइली एकमेकींना आयात करत आहेत का ते शोधा.

होस्टिंगवर चढवल्यावर

डीबग बंद केलं की पिवळसर पान जातं आणि कोरडं 'नॉट फाउंड' उरतं. संगणकावर चालणारा राउट तिथे ४०४ देत असेल, तर पहिला संशय ॲप सर्व्हर पुन्हा सुरू न केल्याचा घ्या. रनसर्व्हरसारखं बदल पाहून आपोआप उठणं तिथे सहसा नसतं. प्रत्येक पत्त्यावर ४०० येत असेल तर अलाउड_होस्ट्समध्ये तुमच्या डोमेनचं नाव नाही. पानं उघडतात पण सीएसएस आणि चित्रांना ४०४, हा राउटिंगचा विषय नाही: डीबग बंद असताना जँगो स्टॅटिक फाइली स्वतः वाढत नाही, ते काम वेब सर्व्हरला किंवा व्हाइटनॉइजसारख्या पॅकेजला द्यावं लागतं. आणि कितीही मोह झाला तरी चूक बघण्यासाठी चालू साइटवर डीबग चालू करू नका. ते पान तुमच्या सगळ्या पॅटर्नची यादी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतं, आणि ५००चं पान तर सेटिंग्जचाही बराचसा भाग.